बिघाडाचं कारण : दमट हवा

सकाळी साडेआठ वाजता थंडोबाने दोरीवरचा शर्ट हाताने चाचपला आणि पुन्हा तिथेच टाकला. परवा धुतलेला शर्ट, अजून ओला. तसा कोरडा शर्ट घातला तरी तो दहा मिनिटांत घामाने चिंब होणारच होता. पण ओलं होऊनच घराबाहेर पडायचं आणि ओलं होऊनच परत यायचं, तर मग माणसाने कोरडं असायचं तरी कधी, असा त्याचा प्रश्न होता. बायको साखरेच्या डब्यातून मुंग्या निवडत बसली होती.

"डब्याचं झाकण लावत जा," तो म्हणाला.

"लावलेलंच होतं. तुमच्या मुंग्यांना झाकण उघडता येतं."

"माझ्या?"

"मग काय माझ्या माहेरून आल्या?"

थंडोबा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो फ्रिजचा मेकॅनिक, आणि समोरचा कितीही तापला तरी याचा आवाज चढत नाही, म्हणून सर्व्हिस सेंटरमधल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव. ते आता बायकोच्याही तोंडी बसलं होतं. पोरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. थंडोबा आतून सदा उकळत असे, फक्त झाकण घट्ट होतं.

आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. उन्हाळा हा त्याच्या धंद्याचा हंगाम, पण हंगाम जवळ आला की तो पावसाळ्याचे दिवस मोजू लागे. ऊन एक वेळ परवडलं, ही हवा नको. घाम येतो पण वाळत नाही. मीठ डब्यात घट्ट बसतं, काडेपेटीची काडी तीनदा ओढावी लागते, कपाटातल्या बुटांवर बुरशी धरते. पंखा लावावा तर तो तीच गरम वाफ अंगावर फेकतो. माणसं जीव नकोसा होऊन बसलेली आणि जेवढे म्हणून सहा पायांचे जीव आहेत त्यांची मात्र चंगळ. मुंग्या, चिलटं, कसर, झुरळं, सगळ्यांना कोणी आमंत्रणं धाडल्यासारखी गर्दी.

यातली झुरळं थंडोबाची खास वैरी. फ्रिज पुढून गार असतो आणि मागून गरम. मागे, अगदी खाली, एका प्लास्टिकच्या डबीत त्याचा सर्किट बोर्ड असतो. तिथे ऊब आहे, अंधार आहे आणि वर्षानुवर्षं कोणी हात घालत नाही. झुरळाला आणखी काय हवं? त्यातलं एखादं बोर्डावर आडवं होतं, एकाच वेळी दोन ठिकाणी पाय टेकतं, आणि स्वतःबरोबर बोर्डालाही घेऊन जातं. घरच्यांना एवढंच कळतं की फ्रिज गार होत नाही.

अठ्ठावीस वर्षांत थंडोबाने काय काय पाहिलं होतं. एका घरी दाराच्या रबरात मुंग्यांनी पार वसाहत केली होती. एका घरी फ्रिज आतून खडखडतो म्हणून तक्रार, तर पंख्यात पाल अडकलेली. आणखी एका ठिकाणी त्याने मागचं झाकण काढलं आणि जी पलटण बाहेर आली ती बघून तो स्वतःच खुर्चीवर चढला होता. घरातल्या आजोबांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं.

पण हे सगळं तो कधी कोणाला सांगत नसे. काम संपलं की मोबाइलवर एक जॉब कार्ड भरावं लागतं. त्यात एक रकाना असतो, 'बिघाडाचं कारण'. थंडोबा तिथे अठ्ठावीस वर्षं, म्हणजे कार्ड कागदी होतं तेव्हापासून, एकच लिहीत आला होता : दमट हवा.

याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, एका घरी पाहुणे बसलेले असताना त्याने दिवाणखान्यात येऊन मोठ्याने सांगितलं होतं, "बाई, तुमच्या फ्रिजमध्ये झुरळं आहेत." पाहुण्यांनी हातातले सरबताचे पेले हळूच खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी सेंटरवर तक्रार आली की मेकॅनिक उद्धट आहे. तेव्हा ज्याच्या हाताखाली तो शिकत होता त्या उस्तादाने त्याला बाजूला घेतलं. "आपण फ्रिज दुरुस्त करतो," उस्ताद म्हणाला, "लोकांचा संसार नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, दमट हवा. हवेचा राग कोणाला येत नाही."

तेव्हापासून दमट हवा. शहाण्या बायकांना त्यातलं बरोबर कळायचं. त्या 'हो का' म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमागे औषध मारायच्या. म्हणजे एका परीने तो सांगत होताच, फक्त समोरच्याची अब्रू राखून. आपल्या या रीतीचा त्याला मनातून अभिमान होता.

यंदा सेंटरवर नवा साहेब आला. वयाने थंडोबाच्या मुलीएवढा. त्याने आल्या आल्या नियम काढला. एकाच घरून एकाच दोषाची महिन्यात तीनदा तक्रार आली, की तो मेकॅनिक फिरतीवरून बंद, त्याने गोदामात बसून खोकी मोजायची. कारणाच्या रकान्यात 'कीटक' लिहिलं असेल तर दोष मेकॅनिकचा नाही, बाकी काहीही लिहिलं असेल तर मेकॅनिकचाच.

"हवा तर सगळ्या गावाला दमट आहे ना, काका?" साहेब म्हणाला होता. "मग तुमच्याच भागातले बोर्ड का जळतात?"

उत्तर थंडोबाकडे होतं, पण त्या उत्तराला सहा पाय होते.

गोदाम पत्र्याचं होतं. या दिवसांत त्यात सकाळी शिरलेला माणूस संध्याकाळी अर्धा होऊन बाहेर पडे. आणि घामाचं एक वेळ सोडा, थंडोबाला माणसांत राहायची सवय. लोकांच्या स्वयंपाकघरात उकिडवं बसायचं, 'काका, पाणी घेणार का' ऐकायचं, बंद पडलेला फ्रिज गुरगुरायला लागला की घरातल्यांचे उजळलेले चेहरे बघायचे, यावर त्याने अठ्ठावीस उन्हाळे काढले होते. खोकी काही पाणी विचारणार नव्हती.

आणि नेमका अशा वेळी विहीणबाईंचा फ्रिज बंद पडला.

मुलीच्या लग्नाला आठ महिने झाले होते. जावई भला माणूस, कामावर जाणारा आणि कामावरून येणारा. घर चालायचं ते विहीणबाईंच्या हुकमाने. त्यांची स्वच्छता चार गल्ल्यांत माहीत होती. फिनेलचा वास त्यांच्या जिन्यापासूनच सुरू होई. पाहुणा उठला की त्याच्या खुर्चीवरून फडकं फिरे, तेही पाहुणा दारात चपला घालत असतानाच. व्याह्यांकडून फुकट काम करून घेतलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी सरळ कंपनीच्या नंबरवर तक्रार केली. कंपनीने भाग बघितला आणि थंडोबालाच पाठवलं.

थंडोबाने मागचं झाकण काढलं. बोर्डावर दोन जळून कोळसा झालेली, आणि डबीच्या कोपऱ्यात सात-आठ चांगली जिवंत. विहीणबाई चार पावलांवर उभ्या. त्यांच्या मागे मुलगी. थंडोबाचं डोकं भराभर चालू लागलं. झुरळं म्हटलं की पहिला प्रश्न येणार, इतकी वर्षं नव्हती ती आत्ता कुठून आली? आठ महिन्यांत या घरात नवीन काय आलं? आणि मग सगळे बघणार कोणाकडे? त्याने पाठ आडवी धरली, ब्रशने सगळं रुमालात ओढलं, रुमालाची गाठ मारून तो पिशवीत कोंबला.

"काय झालं होतं, व्याही?"

"विशेष काही नाही, विहीणबाई. दमट हवा."

विहीणबाई 'हो का' म्हणाल्या नाहीत. त्यांनी भुवया वर केल्या. "दमट? आमच्या घरात?"

दहा दिवसांनी तीच तक्रार. त्या दिवशी थंडोबाच्या यादीत अकरा घरं होती. मुलीने पाण्याचा पेला दिला आणि ती आत निघून गेली. त्याने नवा बोर्ड बसवला, कोणी बघत नाही असं पाहून मागे चिमूटभर झुरळांची पावडर टाकली, कार्डावर पुन्हा 'दमट हवा' लिहिलं आणि पळाला.

आज सकाळी, ओला शर्ट शेवटी अंगात घालून होतो न होतो तोच, साहेबाचा फोन आला. "काका, त्याच घरून तिसरी तक्रार आहे. आज काय कारण लिहाल ते बघून लिहा. उद्या मला वर कळवायचं आहे."

बायको मुंग्या सोडून त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं माहीत होतं. "सांगून टाका एकदाचं," ती म्हणाली.

"आणि तिथे राहायचं कोणाला? तुला की मला?"

ती पुन्हा मुंग्या निवडायला लागली.

दहा वाजता तो विहीणबाईंच्या जिन्याशी पोचला तेव्हा शर्टाचा आणि त्याचा रंग एक झाला होता. वाटेत प्रत्येक सिग्नलवर तो स्वतःला, साहेबाला, उस्तादाला आणि ज्याने कोणी झुरळ घडवलं त्याला शिव्या घालत आला होता. तीन जिने चढताना फिनेलच्या वासाने डोकं दुखायला लागलं. दार मुलीनेच उघडलं. "या बाबा," एवढंच म्हणाली. स्वयंपाकघरात फ्रिजमधलं सगळं सामान टेबलावर काढून ठेवलेलं, दूध नासू नये म्हणून गॅसवर तिसऱ्यांदा तापत होतं, आणि त्या वाफेने खोलीत उभं राहवत नव्हतं. विहीणबाई पदराने वारा घेत होत्या.

थंडोबाने फ्रिज भिंतीपासून ओढला. मागे कागद चुरगळल्यासारखा आवाज झाला. त्याने वाकून पाहिलं. फ्रिजच्या पाठीशी, जमिनीपासून वरपर्यंत, वर्तमानपत्रांच्या जाड घड्या खोचलेल्या. आणि दोऱ्याला ओळीने बांधलेल्या लहान लहान कापडी पिशव्या, दहाबारा तरी असतील, सुबक शिवलेल्या.

"हे काय?"

"तांदूळ," विहीणबाई म्हणाल्या. आवाजात थोडी ऐट होती. "तांदूळ ओल ओढून घेतो ना. तुम्ही सांगितलंत हवा दमट आहे, म्हटलं नुसतं हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा काहीतरी करावं. मशीनवर बसून सगळ्या मीच शिवल्या. कागदही त्याचसाठी, ओल टिपायला."

थंडोबाने एक पिशवी उचलली. तळाशी कुरतडलेली होती. हातात चार तांदूळ सांडले.

झुरळांना ऊब होती, अंधार होता. आता अंथरूणही मिळालं आणि दोन वेळचं जेवणही. आणि हे सगळं व्याह्यांच्या तोंडच्या शब्दावर, मोठ्या विश्वासाने, शिलाई मशीनवर बसून केलेलं. त्याला स्वतःचाच असा संताप आला की पेचकस भिंतीवर फेकावासा वाटला. त्याऐवजी त्याने कागदाची घडी जोरात ओढली.

मग झुरळं बाहेर आली. आता सात-आठ नव्हती. पांढऱ्या फरशीवर चारी दिशांना, टेबलाच्या पायांवर, गॅसच्या ओट्याकडे.

मुलगी मागे सरली. विहीणबाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी पायातली स्लिपर काढली आणि एक, दोन, तीन, चार. एकही फटका वाया गेला नाही. असा नेम काही एका दिवसात येत नाही, हे थंडोबाच्या ध्यानात आलं, पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता. विहीणबाई धापा टाकत सरळ उभ्या राहिल्या, आणि स्लिपर हातात तशीच धरून सुनेकडे वळल्या.

"ही कधीपासून आहेत गं?"

मुलगी खाली बघत राहिली. थंडोबाला वाटलं, झालं, ज्याला इतके दिवस भीत होतो ते आलं. आणि त्या क्षणी गोदाम, साहेब, फिरती यातलं काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं.

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी पाहिली होती, विहीणबाई. पहिल्या वेळीही आणि दुसऱ्या वेळीही. बोर्ड त्यांनीच जाळला. हवेचा काही संबंध नाही, आणि हिचाही नाही. झुरळं खोक्यांतून येतात, मोरीतून येतात, माझ्यासारख्याच्या पिशवीतूनसुद्धा येतात. जे काय बोलायचं ते मला बोला. हिला बोलू नका."

गॅसवरचं दूध वर आलं. मुलीने जाऊन गॅस बंद केला.

"म्हणजे ते दमट हवेचं?" विहीणबाईंनी विचारलं.

"खोटं होतं."

"अहो, पण का?" त्यांचा आवाज चढला. "झुरळं काय मी जन्मात पाहिली नाहीत? दर उन्हाळ्यात येतात, औषध मारलं की जातात. मारते मी, कोणाला सांगत बसत नाही एवढंच. पहिल्या दिवशी कानात सांगितलं असतंत तरी संध्याकाळपर्यंत निकाल लावला असता. तुम्ही म्हणालात दमट. आता तुम्ही त्यातले जाणकार, मी खरं मानलं. म्हटलं, घर तर मी दिवसातून चारदा कोरडं करते, मग फ्रिजला ओल लागते कुठून? तर ही. ओल्या हाताने दार उघडते, धुतलेली भाजी न पुसता आत ठेवते. तीन आठवडे मी या पोरीच्या मागे लागलेय हो. उठता बसता. काल तर मुलासमोर बोलले, तुझ्या बायकोच्या हातांनी दोन बोर्ड जाळले म्हणून."

त्या एकदम थांबल्या. हातातली स्लिपर त्यांनी खाली टाकली आणि ती पायात घालायला त्यांना बराच वेळ लागला.

थंडोबाने मुलीकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा नीट पाहिलं. तिच्या कमरेला दोन फडकी खोचलेली होती, एक हात पुसायचं, एक भांडी पुसायचं. आणि हात सारखे पुसून पुसून बोटांच्या पेरांशी कातडी सुटली होती. या हवेत सगळं गाव ओलं होतं. कोरडे होते ते तिचे हात. जिला बोल लागू नये म्हणून तो खोटं बोलला होता, तिला त्याच खोट्याने तीन आठवडे बोल खावे लागले होते, आणि हा बाप अकरा घरांची यादी हातात घेऊन पळत होता. त्याला शरम वाटली. इतकी की उठून कुठे तोंड लपवावं हे कळेना.

काम तेवढं त्याने केलं. कागद, पिशव्या सगळं गोळा करून बांधलं, डबी धुऊन पुसून घेतली, बोर्ड बदलला, भेगांमधून औषध भरलं. विहीणबाई फरशी पुसत होत्या. फ्रिज गुरगुरायला लागला तेव्हा कोणाचाच चेहरा उजळला नाही. मग त्याने मोबाइल काढला आणि 'बिघाडाचं कारण' या रकान्यात 'कीटक' लिहिलं. ग्राहकाची सही लागते. विहीणबाईंनी चष्मा लावला, कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं आणि बोटाने सही केली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

फिरती वाचली होती. थंडोबाला त्याचं काडीचंही सुख झालं नाही.

"व्याह्यांना गार पाणी दे गं," विहीणबाई म्हणाल्या. मुलगी फ्रिजकडे वळली, आणि सवयीने तिचा हात कमरेच्या फडक्याकडे गेला.

"राहू दे," विहीणबाई म्हणाल्या. त्या भिंतीकडे तोंड करून टेबलावरची भाजी नीट लावत होत्या. "नको पुसूस हात. तशीच दे."

पाणी अजून गार झालं नव्हतं. थंडोबाने ते सगळं प्यायलं.

मुलगी त्याला सोडायला जिन्यापर्यंत आली. एक जिना दोघं उतरले. मधल्या वळणावर तो थांबला. वारा नव्हता, भिंतीला हात लावला तर तीही चिकट लागत होती.

"मला एक फोन करायचास," तो म्हणाला.

"केला होता, बाबा. दोनदा." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "तुम्ही म्हणालात, अंगावर काम आहे, नंतर बोलू."

ते फोन त्याला आठवले. खरंच तसं म्हणाला होता. एका घरी कॉम्प्रेसर मांडीवर घेऊन बसला होता, आणि दुसऱ्या वेळी तर काही कारणही नव्हतं. नुसता उकाड्याने वैतागला होता.

पिशवीतला मोबाइल वाजायला लागला. सेंटरचाच असणार, पुढचं घर वाट बघत होतं. थंडोबाने पिशवी खांद्यावरून काढली, जिन्याच्या पायरीवर ठेवली आणि शेजारी स्वतः बसला. शर्ट पाठीला चिकटला, घाम डोळ्यांत उतरला. त्याने पलीकडे सरकून मुलीला जागा करून दिली.

"आता बोल," तो म्हणाला.

तिने वरच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग बसली, आणि बोलायला लागली.